आठ नंबरची दुमड

मास्तरानं कागद मशीनच्या झाकणाखाली सरकवला तेव्हा म्हातारीच्या ओठांत सुई होती, नाहीतर तिनं त्याला दारातच धरला असता. सुई काढून ती बोलणार, तोवर त्याचे बूट दोन जिने उतरून गेलेसुद्धा.

"गेला," ती मशीनला म्हणाली. "कागद टाकला नि पळाला. पोस्टमन परवडला, तो निदान हाक तरी मारतो."

मास्तर म्हणजे तिचा मुलगा. कॉलेजातल्या मुलींच्या बास्केटबॉल टीमचा कोच, वय वर्षं एकोणपन्नास, आणि अजून आईसमोर तोंड उघडायचं म्हटलं की घशात हाड अडकल्यासारखा उभा राहायचा. तोंडानं सांगायची गोष्ट हा कायम कागदानं सांगणार. नववीत गणितात नापास झाला तेव्हा प्रगतिपुस्तक पिठाच्या डब्याखाली ठेवून मित्राकडे झोपायला गेला. नोकरी लागली, तर ते पत्रही आरशाच्या चौकटीत खोचून मोकळा झाला. चांगली बातमी, तीही बिचारी दोन दिवस तिथेच लोंबत राहिली. आणि बायको गेली तेव्हा सात वर्षांच्या पोरीला सांगायला कोण गेलं? हा दवाखान्याच्या पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत होता नि बांधत होता.

"बापावर गेलाय," असं म्हातारी चाळीस वर्षं सांगत आली होती. बाप छापखान्यात यंत्रावर होता. त्या खडखडाटात दिवसभर कुणाला कुणाचं ऐकू येत नसे, त्यामुळे बोलायची सवयच मोडलेली. घरी आला की मूग गिळून बसायचा. मेलासुद्धा तसाच, भर दुपारी, खुर्चीत, चहा पुढ्यात असताना, चकार शब्द न काढता. "निघताना 'येतो' एवढं तरी म्हणतात माणसं," हे ती त्याच्या फोटोला अजून ऐकवायची.

तिनं चष्मा चढवला आणि कागद उलगडला.

शाळा तिची दुसरीतच सुटली होती. अक्षरं तिला अडवायची. एकेकाचा हात धरून ओळ पार करावी लागायची. आकड्यांचं तसं नव्हतं. आकडा समोर आला की आपणहून बोलायचा. म्हणून मास्तर तिला नावं लिहून देतच नसे. चार ते पंधरा, बारा नंबर, बारा ओळी, प्रत्येक नंबरापुढे छाती नि लांबी. जर्स्या दरवर्षी नव्या यायच्या, त्यांना मापात बसवून पाठीवर आकडे शिवायचं काम सव्वीस वर्षं हिचं. नावांची यादी सोमवारी खेळाच्या खोलीच्या दारावर लागायची. म्हातारीला ती शनिवारीच कळायची, मापांवरून. पोरी तिला जिन्यात गाठायच्या, "आजी, सांगा ना हो, मी आहे का?" म्हणून गळ घालायच्या. "मला कापड कळतं, माणसं कळत नाहीत," असं म्हणून ती त्यांना वाटेला लावायची. सव्वीस वर्षांत तिनं एकदाही फोडलं नव्हतं, आणि याचा तिला केवढा तरी ताठा होता.

चार नंबर, छत्तीस-अठ्ठावीस. पाच, चौतीस-एकोणतीस. सहा, सात. बोट खाली सरकत गेलं. आठ नंबर. अडतीस-तीस.

बोट तिथेच राहिलं.

तीन वर्षं आठ नंबर तिच्या नातीचा होता. चौतीस-सत्तावीस. तिनं बोट परत चारवर नेलं आणि एकेका ओळीवर थांबत पंधरापर्यंत आणलं, मग पंधरापासून उलटं वर नेलं. चौतीस दोन ठिकाणी होते, पण त्यांच्यापुढे एकोणतीस. सत्तावीस कुठेच नव्हतं.

तिनं कागदाची घडी घातली. मग त्या घडीची घडी. मग तिची आणखी एक, बोटाएवढी होईपर्यंत.

आठ दिवसांपूर्वी मास्तरानं गेल्या मोसमाच्या जर्स्यांची पिशवी तिच्या खाटेवर रिकामी केली होती. हेही दरवर्षीचं. बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, ठाऊक झालं असतं तर हसले असते, पण कॉलेजची निम्मी टीम या खाटेवर ठरायची. मास्तर मैदानावर चेंडू बघायचा, म्हातारी घरी शिवणी बघायची. कापड खोटं बोलत नाही, एवढं एकच शास्त्र तिला येत होतं.

"चार, सहा, दहा, तेरा," मास्तर म्हणाला होता. "चौघी पास होऊन गेल्या. उंची म्हणून जी होती ती सगळी गेली. यंदा काही खरं दिसत नाही, आई."

"रडगाणं नंतर. पाच दे इकडे."

पाच नंबरच्या दोन्ही काखा उसवल्या होत्या. "ही हात वर करते. अंग राखत नाही. ठेव."

सात नंबर मागून, कमरेपाशी, घासून विरला होता. म्हातारीनं त्यातून बोट आरपार घालून दाखवलं. "ही पडते. आणि उठते. न उठणारीचं कापड एकाच जागी फाटतं. हिला कॅप्टन कर."

"लहान आहे गं. दुसऱ्या वर्षाला आहे."

"पडायला काय वयाचा दाखला लागतो?"

अकराचा खांदा ताणून लोंबायला लागला होता. "हिला समोरच्या ओढतात. भितात म्हणूनच ओढतात ना? ठेव." मग चौदा नंबर तिनं उजेडाकडे धरला, उलटा केला, परत सुलटा केला. कुठे एक टाका निघाला नव्हता. "ही बाई लग्नाला आली होती वाटतं."

मास्तर हसला होता. "ती दुसऱ्या कॉलेजात चाललीय."

"जाऊ दे. त्यांच्याही कपाटात छान दिसेल."

आठ नंबर ढिगाच्या तळाशी होता, घडी घातलेला. मास्तरानं तो पुढे केला नाही. म्हातारीनं मागितला नाही. बाकीच्या अकरा बघून झाल्यावर तिनं ती घडी तशीच, न उलगडता उचलली आणि पेटीत टाकली. "हे नंतर," म्हणाली. मग दोघांनी चहा घेतला आणि चहा कडू झालाय यावर बराच वेळ बोलले.

आता जिन्यात थप्प-थप्प आवाज येऊ लागला. एक पाय हलका, एक जड.

"एकशे अठरा!" नात दारातूनच ओरडली. "आजी, एकशे अठरा पायऱ्या. एकदाही न थांबता."

कपाळावरचा घाम तिनं बाहीनं पुसला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. डाव्या घोट्याला रेतीची पिशवी बांधलेली होती. पिशवी म्हातारीनंच शिवली होती, जुन्या पडद्याच्या जाड कापडाची, दुहेरी टीप घालून.

टीममध्ये हिला भिंगरी म्हणत. दोन उंच पोरींच्या मधून चेंडू घेऊन ही अशी गरकन वळायची की त्या दोघी एकमेकींना धडकायच्या. पाच महिन्यांपूर्वी, मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, तिसऱ्या क्वार्टरमध्ये ती अशीच वळली. भिंगरी वळली, गुडघा वळला नाही. म्हातारी पहिल्या रांगेत होती. "तो आठ नंबर मी शिवलाय, माझी नात आहे," असं शेजारच्या बाईला तिसऱ्यांदा सांगून नुकतीच टेकली होती.

"यादी आली ना?" नात म्हणाली.

"कसली यादी?"

"मशीनचं झाकण उघडं आहे आणि तू गप्प आहेस. म्हणजे यादीच."

"मला आणखी उद्योग नाहीत का?"

"बरं, नको सांगूस. तुझं व्रत मोडायचं नाही मला." ती लंगडत पुढे आली आणि दोन्ही हात पसरून आजीसमोर उभी राहिली. "माप तेवढं घे. कमी झालंय माझं. जुन्या मापाची शिवशील तर खांद्यावरून उतरेल."

म्हातारीनं गळ्यातली टेप काढली. नाही म्हणायला काही कारण हवं होतं, ते वेळेवर सुचलं नाही. टेप पोरीच्या पाठीमागून फिरवून तिनं पुढे आणली. बरगड्या हाताला लागत होत्या.

"श्वास रोखू नकोस."

"नाही रोखला."

"सरळ उभी राहा."

"सरळच आहे. किती?"

"बत्तीस."

"शी! महिन्याभरात भरून काढते. बघच तू." नातीनं खाली वाकून पिशवीची गाठ घट्ट केली. "दोनशे पायऱ्या झाल्या की बाबा मला पळायला देणार आहे."

"तो म्हणाला असं?"

"मी म्हणाले. तो नाही म्हणाला नाही."

म्हातारीनं नेहमीच्या सवयीनं निळा खडू उचलला आणि मशीनच्या फळीवर बत्तीस लिहिले. मग त्याच्यापुढे सत्तावीस. आकडे फळीवर नीट, ठसठशीत उमटले. त्यांच्याकडे बघत ती जरा वेळ बसून राहिली. मग चपला शोधायला उठली.

"कुठे निघालीस?"

"दोरा संपलाय."

दोऱ्याची बारा रिळं फळीवर ओळीनं उभी होती. नातीनं त्यांच्याकडे बघितलं.

कॉलेजचं मैदान दहा मिनिटांवर होतं, पण म्हातारीला अर्धा तास लागला. पाच महिन्यांत ती इकडे फिरकली नव्हती. कुंपणाच्या जाळीपाशी ती उभी राहिली. जमिनीवरचे पट्टे नव्यानं रंगवलेले, पोरी आपापल्या घरच्या कपड्यांत. पाच नंबर, सात, अकरा तिनं चालीवरून ओळखल्या. मग रिंगखाली एक अनोळखी उंच पोर दिसली. उडी मारली की तिचा सदरा वर जाऊन पोट उघडं पडत होतं. अडतीस-तीस, म्हातारी मनात म्हणाली. तीस पुरायची नाही, साडेतीस हवी.

दोष काढायचा म्हणून ती बघत राहिली. पोर चेंडूसाठी धडपडत नव्हती. दुसऱ्याच्या हातातली ताटली काढून घ्यावी तसा अलगद घेत होती, आणि घेतला की लगेच पुढे देत होती. हावरी नव्हती. अंग राखत नव्हती. म्हातारीला दोष सापडेना, म्हणून तिनं जाळीवर चप्पल आपटली.

"मास्तर!"

मास्तर गळ्यातली शिट्टी हातात धरून आला. जाळीच्या आत तो, बाहेर ती.

"आई? इतक्या लांब चालत आलीस?"

तिनं मूठ उघडून बोटाएवढी घडी दाखवली. "सत्तावीस कुठाय?"

त्यानं मागे पोरींकडे बघितलं. मग खाली, बुटांकडे.

"नाडीकडे बघू नकोस. सुटलेली नाही. माझ्याकडे बघ."

"डॉक्टर नाही म्हणालेत," तो म्हणाला.

"यंदा?"

"यंदा नाही. कधीच नाही." शिट्टीची दोरी तो बोटाला गुंडाळत होता. "हाडाच्या टोकाचं काय ते झिजलंय. आधीपासून दुखत असणार म्हणाले, त्यावरच खेळत राहिली. आता खेळली तर पुढे चालायचेही वांधे."

"केव्हा म्हणाले?"

दोरी बोटावरून सुटली, परत गुंडाळली गेली.

"अडीच महिने झाले."

म्हातारीनं जाळी धरली. अडीच महिने. रोज सकाळ-संध्याकाळ. थप्प, थप्प.

"आणि ती पोर रेती बांधून जिने चढतेय! आज एकशे अठरा झाल्या, नाचत आली सांगायला."

"व्यायाम वाईट नाही, आई. चालायला उपयोग होईल. मला वाटलं, करतेय तर करू दे, हळूहळू तिचं तिलाच..."

"तिचं तिलाच! सोमवारी दारावर कागद चिकटवून तू मागच्या फाटकानं घरी जाणार. दार सांगणार तिला? की खिळा?"

मागे चेंडू आपटत होता.

"पोरीचा बाप आहेस की नोटीस बोर्ड?"

"तू सांग ना," तो म्हणाला. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, पण आवाज पिठाच्या डब्यामागचा. "तुझं ती ऐकते. तिच्या आईच्या वेळी पण तूच... तुझं तोंड चालतं, आई. माझं नाही चालत."

याला द्यायला म्हातारीकडे चांगली चार उत्तरं होती. तिनं एकही दिलं नाही. "त्या उंच पोरीचं माप चुकलंय," एवढंच म्हणून वळली. "साडेतीस लिही."

घरी आली तर पेटी उघडी होती.

नात आरशासमोर उभी होती, अंगात जुना आठ नंबर. ढगळ होत होता. मान वळवून ती पाठीवरचा आकडा बघत होती. म्हातारीला बघून हसली. "दोरा मिळाला?"

"बस."

"काय झालं?"

"बस म्हणते ना."

नात खाटेवर बसली, डावा पाय सरळ ठेवून. म्हातारी स्टुलावर बसली. मधे मशीन होतं. त्याच्या फळीवर निळे बत्तीस नि सत्तावीस तसेच होते.

"आठ नंबर अडतीसला गेला," म्हातारी म्हणाली.

नातीला मापांची भाषा पाळण्यापासून येत होती. "ती नवी," म्हणाली. "उंच."

"हो."

"मग मला कुठला?"

"कुठलाच नाही."

बाहेर जिन्यात कुणीतरी किल्ली पाडली, उचलली, दार लावून घेतलं.

"या मोसमात नाही," नात म्हणाली. विचारलं नाही, आपलीआपण म्हणाली, आणि म्हातारीला समोर सोपी वाट दिसली. नुसती मान हलवायची होती. एक वर्ष निघालं असतं, पुढल्या वर्षीचं पुढल्या वर्षी. मुलगा याच वाटेनं अडीच महिने चालत होता, वाट चांगली मळलेली होती.

"कधीच नाही," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत. पाऊण झिजलाय गुडघा. खेळलीस तर चालायची नाहीस. अडीच महिन्यांपूर्वी म्हणालेत, आणि तुझ्या बापाला सांगता आलं नाही."

पाऊण हा शब्द तिचा होता. झिजणं मोजायला तिला दुसरं काही येत नव्हतं.

नात रडली नाही. वाकून तिनं घोट्याची गाठ सोडायला घेतली. मघाशी घट्ट केलेली, ती सुटेना. म्हातारीनं कात्री पुढे केली. नातीनं मान हलवली. मग म्हातारी जमिनीवर उतरली, पोरीचा पाय मांडीवर घेतला आणि जाड सुईच्या टोकानं गाठ थोडी थोडी सैल करत आणली. पिशवी सुटून फरशीवर पडली. घोट्यावर लाल वळ होता, दुहेरी टिपेचा.

तो वळ दिसला आणि म्हातारीचा जीव कळवळला, आणि तिचा जीव कळवळला की तोंडाला धार यायची, हे जुनंच होतं.

"आधी दुखत होतं तर बोलली का नाहीस?" ती म्हणाली. "गुडघा काय एका दिवसात जातो? सामन्यावर सामने खेळत राहिलीस! तोंड काय भाड्यानं दिलं होतंस कुणाला?"

नातीनं तिच्याकडे बघितलं. नवल वाटल्यासारखं.

"तुला माहीत होतं की," ती म्हणाली.

"मला कोण सांगणार?"

नातीनं जर्सीचा खालचा काठ पुढे केला. डाव्या बाजूला, वीतभर जागेत, दुमड चुरगळून गेली होती. कापड ताणून पातळ झालेलं, आणि त्यावर बारीक, रेखीव टाक्यांचा रफू. तीन वेळचा. एकावर एक. दोऱ्याच्या तीन छटा.

"उभी राहिले की कळ यायची. मग मी हे मुठीत धरायची. पहिल्यांदा उसवलं, तू नीट करून दिलंस. दुसऱ्यांदा पण." ती माप सांगावं तसं सांगत होती, आवाजात तक्रार नव्हती. "तिसऱ्या वेळी मी मुद्दाम फाडून आणलं. म्हटलं, आता आजी विचारेल. तुला कापडातलं सगळं कळतं ना. तू शिवलंस, इस्त्री केलीस, म्हणालीस, सामन्याला मी येणार आहे, पहिल्या रांगेत."

म्हातारीनं पाय मांडीवरून खाली ठेवला नाही.

"मला वाटलं, आजीला कळलंय आणि ती काही म्हणत नाही, म्हणजे एवढं काही नसेल."

दुखणाऱ्या माणसाला मुठीत काहीतरी लागतं. बाळंतिणीला खाटेचा कठडा, तापातल्या पोराला चादर. कापड ते विसरत नाही. म्हातारीनं ही दुमड पहिल्यांदा हातात घेतली तेव्हाच तिला कळलं होतं. नातीच्या जागी कुणा परक्या पोरीची जर्सी असती तर तिनं त्याच संध्याकाळी मास्तराला हाक मारून सांगितलं असतं, हिला बसव, हिला दुखतंय. पण तेव्हा सहा सामने उरले होते. पेपरात फोटो आला होता, पाठमोरा, आठ आकडा स्पष्ट दिसणारा, आणि तो कापून तिनं शिवायला येणाऱ्या प्रत्येक बाईला दाखवला होता. सहाच तर सामने, असं म्हणून तिनं सुईत दोरा ओवला होता. रफू इतका बारीक घातला होता की हातभर अंतरावरून कुणाला दिसू नये.

नातीनं जर्सी डोक्यावरून काढली, सुलटी केली, घडी घातली आणि आजीच्या मांडीवर ठेवली.

"अडतीसला खांद्यात ढिलं ठेव," ती म्हणाली. "ती हात मागून फिरवते. घट्ट झालं तर शॉट चुकेल तिचा."

आणि भिंतीला धरून आत गेली. आता दोन्ही पावलं सारखीच हलकी वाजत होती.

उन्हाची तिरीप खिडकीतून मशीनवर, मशीनवरून भिंतीवर सरकली. आकडे दरवर्षी जुनेच वापरायचे, फक्त जर्सी नवी, हाही इथला रिवाज. म्हातारीनं जुन्या जर्सीवरचा आठ उसवायला घेतला. एकेक टाका तोडायचा, ओढून काढायचा नाही, नाहीतर आकड्याचा काठ सुटतो. आठाला वळणं फार. आठ सुटून हातात आला तेव्हा जर्सीच्या पाठीवर त्याची जागा गडद राहिली होती. भोवतीचं कापड मोसमभराच्या उन्हानं विटलेलं. नव्या, मोठ्या जर्सीवर तिनं तो आठ टाचला. खांद्यात बोटभर ढिलं ठेवलं. लांबी साडेतीस धरली.

फळीवरचे निळे आकडे तिनं पुसले नाहीत. त्यांच्यावर कोपर पडणार नाही असं बेतानं काम केलं.

दिवे लागायच्या सुमाराला जिन्यात बूट वाजले. शेवटच्या पायरीवर थांबले. मग मास्तर दारात येऊन उभा राहिला, आत न येता. त्यानं आधी आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं, मग फरशीवर पडलेल्या रेतीच्या पिशवीकडे.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

म्हातारी उठली. आकडा उसवलेली जुनी जर्सी तिनं हातावर घेतली, डावीकडची दुमड शोधली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं अंगठा फिरवला. सव्वीस वर्षं खाटेवर बसून तो हेच शिकला होता. अंगठा पहिल्या रफूवर गेला, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, आणि तिथेच थांबला. मग त्यानं मान वर करून आईकडे बघितलं, दोऱ्याच्या रिळांकडे बघितलं. तोंड उघडलं. नेहमीसारखंच त्यातून काही आलं नाही.

"चाळीस वर्षं गावभर सांगत फिरले, बापावर गेलाय म्हणून," म्हातारी म्हणाली. "त्या बिचाऱ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं, म्हणून गप्प बसायचा तो. तू माझ्यावर गेलायस."